दंडावरचा वण

आळे गावच्या देवळात रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा भावंडांबरोबर चालत निघाला आणि आळंदीच्या वाटेवर इथं त्यानं देह ठेवला, अशी कथा या भागात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. मुक्याला वाचा फुटते, या एका नवलापुढे माणसं इतकी शतकं हात जोडून उभी आहेत.

तिथं गेलं की माझं लक्ष माणसांच्या दंडांकडे जातं. उन्हाळ्यात सभामंडपाच्या गारव्याला म्हातारी माणसं बसलेली असतात. बंडीतून बाहेर आलेल्या त्यांच्या हातांवर देवीच्या लशीचे मोठे, खोलगट वण दिसतात. त्यांच्या नातवंडांच्या डाव्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली, हरभऱ्याच्या डाळीएवढा एक गोल चट्टा असतो, कडेला किंचित सुरकुतलेला. तो बीसीजीचा. आणि कुणाच्या कडेवर महिन्या-दीड महिन्याचं बाळ असलं, तर तो वण अजून घडत असतो. लाल गाठ आलेली असते, तिच्या टोकावर पिवळा ठिपका असतो, आणि बाळाची आजी काळजीनं विचारत असते, हळद लावू का म्हणून.

हा वण सुईचा नाही. सुईचं भोक दुसऱ्या दिवशी दिसतसुद्धा नाही. आयुष्यात आपण किती तरी इंजेक्शनं घेतो, त्यांतलं कुठलं असं कायमचं राहतं? बीसीजीची गाठ टोचल्यावर लगेच येत नाही. दोन-तीन आठवडे काहीच घडत नाही, आणि सगळे विसरून गेल्यावर ती वर येते, फुटते, वाहते, सुकते. मधल्या त्या गप्प आठवड्यांत बाळाच्या शरीरात एक लांबलचक बोलणं झालेलं असतं. वण ही त्या बोलण्याची खूण. ते बोलणं कोण करतं आणि कुठल्या शब्दांत, हे कळायला माणसाला जवळजवळ शंभर वर्षं लागली. मला ही गोष्ट रेड्याच्या कथेइतकीच अद्भुत वाटते.

सुरुवात एका गाईपासून होते. इथल्याच आळेफाट्यावर गाईंचा बाजार पाहिलेल्या माणसाला हे आवडेल. गाईलाही क्षयरोग होतो, आणि नोकार नावाच्या फ्रेंच पशुवैद्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशाच एका आजारी गाईच्या दुधातून त्याचा जंतू वेगळा काढला होता. लील शहरातल्या पाश्चर संस्थेत आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ यांनी १९०८ साली तो जंतू बटाट्याच्या फोडींवर, ग्लिसरीन आणि बैलाचं पित्त घालून वाढवायला घेतला. दर तीन आठवड्यांनी जुन्या फोडीवरून नव्या फोडीवर. मध्ये महायुद्ध आलं, शहर जर्मन सैन्याच्या ताब्यात गेलं, तरी काम चालू राहिलं. १३ वर्षं आणि सुमारे २३० फेऱ्या झाल्यावर जंतू जिवंत होता, पण त्याचा दंश गेला होता. १९२१ साली पॅरिसमध्ये तो पहिल्यांदा एका तान्ह्या बाळाला दिला गेला. बीसीजी या तीन अक्षरांत त्या दोघांची नावं आहेत. आज आपल्याकडे सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या कातडीत जे ०.०५ मिलिलिटर सोडतात, ती त्याच गाईच्या जंतूची वंशावळ.

आता बाळाच्या दंडाकडे येऊ.

कातडीत शिरलेला जंतू पहिल्यांदा भेटतो तो तिथल्या राखणदारांना. त्यांतल्या काही महाभक्षक पेशी: दिसेल ते गिळायचं, हा त्यांचा धर्म. पण क्षयाच्या कुळातला जंतू गिळला गेला तरी मरत नाही, गिळणाऱ्याच्या पोटातच बिऱ्हाड मांडतो. दुसऱ्या आहेत फांद्याफांद्यांच्या डेंड्रायटिक पेशी. राल्फ स्टाइनमन आणि झानव्हिल कोन यांनी १९७३ साली त्या प्रथम ओळखल्या. या पेशी जंतूचे तुकडे करतात, ते तुकडे अंगावरच्या रेणूंच्या खोबणीत मांडतात आणि मुक्काम सोडून काखेच्या दिशेनं चालू लागतात.

काखेतच का? याचं उत्तर आपल्या भाषेला आधीपासून माहीत आहे. पायाला काटा रुतून पिकला की जांघेत गाठ येते, तिला आपण अवधाण म्हणतो. हाताला लागलं तर ते काखेत येतं. अवधाण म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी, आणि ती सुजते कारण तिथं गर्दी झालेली असते. चार दिशांच्या वाटा आळेफाट्यावर येऊन मिळतात, नाशिकचा माणूस आणि कल्याणचा माणूस एकाच स्टँडावर भेटतो, तसा दंडाच्या सगळ्या वाटांचा फाटा काखेत आहे.

त्या फाट्यावर टी पेशी येरझाऱ्या घालत असतात. ‘टी’ हे थायमसचं आद्याक्षर. छातीच्या हाडामागची ही ग्रंथी लहानपणी मोठी असते आणि वयात आल्यावर आक्रसत जाते, म्हणून मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी असं सुंदर नाव आहे. १९६१ सालापर्यंत तिचं काम काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या साली जॅक मिलर यांनी दाखवलं की नवजात उंदराची थायमस काढली तर तो संसर्गापुढे टिकत नाही. या ग्रंथीत टी पेशींची परीक्षा होते आणि बहुतेक सगळ्या तिथंच नापास होऊन मरतात. उरतात त्यांपैकी प्रत्येकीच्या अंगावर एकाच घडणीचा ग्राहक रेणू असतो. ती आयुष्यभर एकाच आकाराचा तुकडा ओळखू शकते. तो तुकडा जगात कुठं आहे, कधी भेटेल, भेटेल का, हे तिला माहीत नसतं. बीसीजीचा एखादा विशिष्ट तुकडा ओळखणारी टी पेशी लाखात एक, कधी दहा लाखांत एक. ती मिनिटाला साधारण दहा मायक्रॉन या चालीनं ग्रंथीत फिरते, एका डेंड्रायटिक पेशीच्या फांदीला स्पर्श करते, पुढे जाते, दुसरीला करते. दिवसभरात काही सापडलं नाही तर रक्तातून पुढच्या फाट्याकडे. बाळाच्या काखेत कधी तरी ती नेमकी पेशी नेमक्या फांदीशी येते आणि थांबते.

इथून बोलणं सुरू होतं. तुकडा ओळखला ही पहिली खूण. एवढ्यावर टी पेशी हलत नाही, कारण नुसत्या ओळखीवर पेटली तर ती आपल्याच शरीरावरही पेटेल. डेंड्रायटिक पेशीनं दुसऱ्या एका रेणूनं दुजोरा द्यावा लागतो: हो, खरंच धोका आहे. आणि मग तिसरी गोष्ट, मला सगळ्यांत मोह घालणारी. डेंड्रायटिक पेशी काही छोटी प्रथिनं सोडते. त्यांना सायटोकाइन म्हणतात. टी पेशीनं पुढे काय व्हायचं, हे ती ठरवतात. इंटरल्यूकिन-१२ आलं तर पेशी एका वाटेला लागते: पेशीच्या आत दडलेल्या शत्रूशी लढणारी. इंटरल्यूकिन-४ आलं तर वेगळ्या वाटेला: कृमींशी लढणारी, आणि चुकली तर दमा किंवा शिंका आणणारी. या दोन वाटा १९८६ साली टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी उंदरांच्या टी पेशींत दाखवल्या. पेशी तीच, ओळखलेला तुकडा तोच. कानात कुठला शब्द पडला, त्यावरून तिचा स्वभाव ठरला.

बाळाच्या काखेत इंटरल्यूकिन-१२ चा शब्द पडतो. मग ती एकटी पेशी फुटून दोन, दोनाच्या चार होत जाते. आठवड्याभरात तिची हजारो भावंडं तयार होतात, रक्तात उतरतात आणि दंडाच्या त्या ठिपक्याशी परततात. तिथं महाभक्षक पेशी पोटात जिवंत जंतू घेऊन बसलेल्या असतात. टी पेशी एकेकीला बिलगते आणि दोघींच्या मधल्या अरुंद फटीत इंटरफेरॉन-गॅमा सोडते. १४३ अमिनो आम्लांची ही साखळी, दोन साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या. हाक सगळीकडे पसरत नाही, मुख्यतः ज्या पेशीला बिलगली तिला आणि तिच्या शेजारणींना ऐकू जाते.

ऐकणं कसं होतं, तेही पाहण्यासारखं आहे. इंटरफेरॉन आत शिरत नाही. ते पेशीच्या बाहेरच्या ग्राहकाला जुळतं, तेवढ्यानं ग्राहकाच्या आतल्या टोकाला चिकटलेली दोन विकरं जागी होतात आणि स्टॅट-१ नावाच्या प्रथिनाला फॉस्फेटची एक टिकली लावतात. टिकली लागलेली दोन स्टॅट-१ एकमेकांना धरतात आणि थेट केंद्रकात जाऊन डीएनएवर बसतात. हे सगळं काही मिनिटांत. शेकडो जनुकं उघडतात. मघाशी जंतूचं बिऱ्हाड सांभाळणारी पेशी आता नायट्रिक ऑक्साइड तयार करते, पोटातल्या त्या कप्प्यात आम्ल ओतते आणि पाहुण्याला मारून टाकते. या धुमश्चक्रीत आजूबाजूची कातडीही मरते. तीच ती गाठ, तोच तो पू.

हे सगळं पेशींचं काम आहे, रक्तातल्या द्रवाचं नाही, याचा छडा मेरिल चेस यांनी १९४५ साली लावला. क्षयाच्या प्रथिनाला कातडीतून प्रतिसाद देणाऱ्या गिनीपिगच्या पांढऱ्या पेशी त्यांनी दुसऱ्या, कोऱ्या गिनीपिगमध्ये घातल्या. प्रतिसाद पेशींबरोबर गेला. रक्तद्रवाबरोबर जात नव्हता. टी पेशी हे नाव तेव्हा जन्मलंही नव्हतं.

इथवरचा हिशेब सरळ वाटतो: अमुक शब्द उच्चारला की अमुक घडतं. पण पुण्यात झालेल्या एका कामानं हा सरळपणा मोडला. गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथं भास्कर साहा आणि त्यांचे सहकारी लिशमॅनिया या परजीवीवर काम करत होते. काळा आजार ज्या कुळामुळे होतो, त्याच कुळातला हा कातडीचा परजीवी. तोही महाभक्षक पेशीच्या पोटातच घर करतो. टी पेशी अशा पेशीशी इंटरफेरॉनखेरीज स्पर्शानंही बोलते: तिच्या अंगावरचा एक रेणू महाभक्षक पेशीच्या सीडी-४० नावाच्या ग्राहकाला भिडतो, जणू दाराची कडी वाजते. कोडं असं होतं की ही कडी वाजल्यावर आतून कधी इंटरल्यूकिन-१२ येई, जे परजीवीला मारायला लावतं, तर कधी इंटरल्यूकिन-१०, जे सगळ्यांना शांत करतं आणि परजीवीला वाचवतं. कडी एकच, मग उत्तरं दोन कशी?

२००४ साली त्यांनी उत्तर प्रसिद्ध केलं. कडी किती जोरानं वाजली, त्यावर आहे. जोरात वाजली तर आत पी-३८ नावाचं विकर जागं होतं आणि इंटरल्यूकिन-१२ तयार होतं. हळू वाजली तर ईआरके नावाचं दुसरं विकर जागं होतं आणि इंटरल्यूकिन-१० तयार होतं. दोन्ही वाटा एकमेकींना दाबतात. आणि लिशमॅनिया नेमका इथं हात घालतो: तो आतल्या तारा अशा फिरवतो की कडी वाजली तरी पेशीला ती हळू वाजल्यासारखीच ऐकू यावी. परजीवी टी पेशीला गप्प करत नाही. तिचा शब्दही बदलत नाही. ऐकणाऱ्याच्या कानात फक्त त्याचा अर्थ उलटवतो. ईआरकेची वाट बंद केल्यावर किंवा इंटरल्यूकिन-१० निकामी केल्यावर उंदरांच्या पेशी पुन्हा परजीवीला मारू लागल्या. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. डोळे नाहीत, मेंदू नाही, अशा एकपेशीय जिवाला दुसऱ्याच्या बोलण्यातला सूर कसा बिघडवावा हे साधलेलं आहे.

माणसांत याची सर्वांत ठळक आणि सर्वांत वेदनेची साक्ष कुष्ठरोगानं दिली. महाराष्ट्राला हा आजार जवळून माहीत आहे. वडाळ्याचं अॅकवर्थ रुग्णालय १८९० सालचं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली काम सुरू केलं, पुढे वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहिलं. कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्यांना एक गोष्ट रोज दिसत असे: कुणाच्या अंगावर एक-दोन बधिर चट्टे, आणि त्यांत जंतू जवळजवळ सापडतच नाहीत. कुणाचं सगळं अंग जंतूंनी भरलेलं, चेहरा सुजलेला, भुवया झडलेल्या. जंतू दोघांतही तोच, क्षयाच्या जंतूचा चुलत भाऊ. १९९१ साली रॉबर्ट मॉडलिन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारच्या चट्ट्यांतले सायटोकाइन तपासले. मोजक्या चट्ट्यांच्या माणसांत इंटरल्यूकिन-२ आणि इंटरफेरॉन-गॅमा. अंगभर पसरलेल्यांत इंटरल्यूकिन-४, ५ आणि १०. पापाचं फळ म्हणून ज्यांना गावाबाहेर काढलं, त्यांच्या कातडीत घडलं होतं ते एवढंच: पेशींच्या बोलण्याला वेगळं वळण लागलं होतं. हे वाक्य लिहिताना मला आजही राग येतो. आणि पहिल्या प्रकारातही सुटका नाही. तिथं टी पेशींचा जोर इतका असतो की जंतूबरोबर मज्जातंतूही भाजून निघतो. हात बधिर होतो तो बहुतांशी स्वतःच्याच पेशींमुळे.

एखादा शब्दच जन्मापासून नसेल तर? १९९६ साली दोन संशोधक गटांनी अशी कुटुंबं वर्णन केली, जिथं मुलांच्या पेशींवर इंटरफेरॉन-गॅमाचा ग्राहकच नीट बनत नव्हता. त्यांतल्या एका बाळासाठी साधी बीसीजीच जीवघेणी ठरली. जगात कोट्यवधी बाळं जी लस सहज पचवतात, ती या बाळाच्या दंडावर न थांबता अंगभर पसरली. अशी मुलं फार विरळ. आपल्याकडे परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरशास्त्र संस्था अशा जन्मजात प्रतिकारदोषांची तपासणी करते. काखेतली गाठ नको तेवढी मोठी होऊन वाहत राहिली, ताप हटेना, तर डॉक्टर बाळाचं रक्त अशा ठिकाणी पाठवतात. निदानात बारीक पण मोठा फरक असतो. इंटरल्यूकिन-१२ ऐकण्यात दोष असेल तर टी पेशी पुरेसं इंटरफेरॉन सोडत नाही. तेव्हा औषधांबरोबर इंटरफेरॉन-गॅमाचं इंजेक्शन देता येतं. म्हणजे गळालेला शब्द बाहेरून पुरवता येतो. पण ऐकणारा ग्राहकच अजिबात नसेल तर कितीही इंटरफेरॉन दिलं तरी उपयोग नाही. मग दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचाच आधार.

आळेफाट्यावरून पुण्याकडे निघालं की नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण मागे टाकत भोसरी येते. तिथं १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली, लोकांच्या तोंडी ‘नारी’. एचआयव्ही ज्या सीडी-४ टी पेशींत शिरतो, त्या याच, बोलणं जुळवणाऱ्या. निरोगी माणसाच्या रक्तात दर घन मिलिमीटरला त्या साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की वर्षानुवर्षं फुप्फुसात डांबून ठेवलेला क्षय बाहेर पडू शकतो. महाभक्षक पेशी जाग्यावरच असतात, त्यांना हाक मारणारं कुणी उरलेलं नसतं. आणि पुढचं तर आणखी चकित करणारं: एचआयव्हीची औषधं सुरू झाली, सीडी-४ पेशी परतू लागल्या, की काही रुग्णांना दोन-चार आठवड्यांत अचानक ताप भरतो, गाठी सुजतात. माणूस घाबरतो, औषध लागू पडत नाही असं समजतो. खरं तर पेशींना पुन्हा वाचा फुटलेली असते, आणि इतके दिवस गप्प राहिलेल्या पेशी लपलेल्या जंतूवर एकदम तुटून पडलेल्या असतात.

म्हणून शरीराला थांबवणारेही लागतात. बाळाच्या दंडावरची जखम तीन महिन्यांत सुकते ती आपोआप नाही. नियामक टी पेशी तिथं येतात, इंटरल्यूकिन-१० सारखे शांतवणारे शब्द सोडतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ साली या पेशी ओळखल्या आणि २०२५ चं नोबेल त्यांना, मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह, याच शोधमालिकेसाठी मिळालं. लिशमॅनियाला फितूर झालेलं इंटरल्यूकिन-१० इथं जखम भरू देतं.

वण आला म्हणजे क्षयापासून कायमचं कवच मिळालं असं मात्र नाही, आणि हे आयांना स्पष्ट सांगायला हवं. बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून चांगलं वाचवते. मोठेपणीच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा भरवसा नाही. तमिळनाडूत चिंगलपेटला १९६८ पासून झालेल्या मोठ्या चाचणीनं ते दाखवलं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर दंडावर वण असो वा नसो, थुंकी तपासायलाच हवी.

ज्या घरात असा क्षय निघतो, तिथल्या इतरांसाठी आता आणखी एक तपासणी येऊ लागली आहे. काल्मेत आणि गेरँ यांच्या बटाट्याच्या फोडींवर गाईच्या जंतूनं दंश गमावला, तेव्हा त्याच्या जनुकांचा एक तुकडा गळून पडला होता. क्षयाच्या खऱ्या जंतूत त्या तुकड्यावरून ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं बनतात, बीसीजीत बनत नाहीत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सायटीबी चाचणीत हीच दोन प्रथिनं हाताच्या कातडीत टोचतात. २०२२ साली तिला देशात मान्यता मिळाली. शरीरात खरा जंतू कधी शिरला असेल तर त्याला ओळखणाऱ्या टी पेशी रक्तातून वाट काढत त्या जागी येतात, इंटरफेरॉन सोडतात, आणि ४८ ते ७२ तासांनी कातडीवर घट्ट गाठ येते. ती ५ मिलिमीटर किंवा जास्त भरली तर शरीर त्या जंतूला भेटलेलं आहे. बीसीजीच्या आठवणीला हे दोन शब्द माहीतच नाहीत, त्यामुळे ती इथं मध्ये बोलत नाही.

देवळाच्या सावलीत हळदीचं विचारणाऱ्या त्या आजीला गावच्या आशा सेविका समजावत असतात: “आजी, हळद नको, पावडर नको, काहीच लावू नका. शेकूही नका. फुटेल, वाहील, आपोआप सुकेल.” आजी पदरानं बाळाचा दंड हळूच झाकते. बाळ दूध पिता पिता झोपी गेलेलं असतं, आणि त्या सुती पदराखाली टी पेशी एकेका महाभक्षक पेशीला बिलगून अजून बोलत असतात.